सवलतीतली रायफल

अबू सालेम दोहातल्या मदिनत खलीफा वस्तीत राहणारे, निवृत्त मास्तर. पंचविशीतल्या मुलीसाठी, नूरैनसाठी, पहिली बोल्ट-अ‍ॅक्शन रायफल घ्यायला आले होते. परवाना हातात, बजेट बेताचं. असं गिऱ्हाईक मला आवडतं. बाकीचे घड्याळ घेतल्यासारखी रायफल घेतात. अक्रोडाचा दस्ता, त्यावर नक्षी, आणि नेम मात्र दहा फुटांवरचा चुकतो. डोकं फिरतं माझं. पलटणीत सोळा वर्षं मी पोरांना नेमबाजी शिकवली. आता दोहात शिकारीच्या सामानाच्या दुकानात हत्यारं दुरुस्त करतो आणि विकायलाही उभा राहतो.

"दस्ता प्लास्टिकचा चालेल," मी नूरैनला सांगितलं. "खांद्याला नीट बसला पाहिजे. गाल न उचलता काडतूस भरायचा बोल्ट मागं-पुढं व्हायला हवा. उरलेले पैसे काडतुसांवर घाला आणि सराव करा."

तिनं दोन पाहिल्या, ठेवल्या. तेवढ्यात मॅनेजर अश्फाकनं काउंटरखालून तिसरी काढली.

"ये देखिए, डिस्काउंट में है."

नूरैननं बोल्ट ओढून पाहिला आणि हसली. "बाबा, हीच."

दस्त्यावरचा ओरखडा मी ओळखला आणि अंगाचा तिळपापड झाला. रायफल तिच्या हातून हिसकावलीच. चेंबरमध्ये काडतूस नाही हे पाहिलं, बोल्ट बंद केला, सेफ्टी लावून ट्रिगर ओढला. काही नाही. मग नुसती सेफ्टी काढली. खट्! ट्रिगरला बोट लागलंही नव्हतं.

"अंदर गोली होती तो?" मी अश्फाकवर ओरडलो. "लाल धागा बांधा था मैंने इसको! किधर गया?"

अश्फाक गोंधळला. ड्रॉवर उघडून त्यानं कागदात जपून गुंडाळलेला धागा पुढं केला.

"बाजीराव भाई, दशहरे को आपने सब औज़ारों पे कुमकुम लगाया था. मैं समझा ये भी पूजा का है. फेंका नहीं."

आमच्या पलटणीत नादुरुस्त हत्याराला लाल धागा बांधत. लखनौच्या माणसाला ते कुठून ठाऊक असणार? पण माझी जीभ थांबेना. गिऱ्हाइकांसमोर मी त्याला मूर्ख म्हणालो, बेजबाबदार म्हणालो, आणखीही बरंच काही.

अबू सालेम शांतपणे ऐकत होते; हिंदी त्यांना कळत होती. मग त्यांनी विचारलं, "हा दोष तुला कधी कळला?"

"आठवडा झाला."

"आणि याला सांगितलंस?"

नूरैन बोल्ट ओढलेल्या स्वतःच्या तळहाताकडे बघत होती. नव्हतं सांगितलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चहावरून आमची बाचाबाची झाली, तेव्हापासून मी अश्फाकशी अबोला धरला होता. एका वाक्याचं काम होतं. पण आपण का आधी बोलायचं, म्हणून धागा बांधून मोकळा झालो.

अबू सालेमांनी परवाना खिशात घातला. "यल्ला, नूरैन." दोघं निघून गेली.

अश्फाक अजून माझ्याकडे बघत उभा होता. राग तसाच धगधगत होता, आणि आता तो माझ्यावरच होता. त्याला तेवढंच सांगायचं होतं. तेही तोंडातून निघेना.