तांदळाचं धुवण

बानाबाईने टबातली टरबुजाची साल उलटली आणि हातातून सोडूनच दिली. सालीच्या आतल्या बाजूला पांढरे किडे होते. खसखशीपेक्षाही बारीक. एकेक शोधू गेलं तर दिसू नये, पण सगळे मिळून सरकत होते आणि साल जिवंत झाल्यासारखी वाटत होती.

तिने आधी मागे वळून पाहिलं. सून दिपाली ओट्याशी भाकरी थापत होती, पाठ इकडे होती. बानाबाईने साल कॅरीबॅगेत कोंबली, बॅगेला गच्च गाठ मारली आणि टबावर झाकण दाबलं. 

टब गांडुळांचा होता. दिपालीने महिला मंडळाच्या शिबिरातून गांडुळं आणली, गॅलरीच्या सावलीत निळ्या टबात माती-शेण घातलं आणि सासूला म्हणाली, "आत्या, हे आता तुमच्याकडं. भाजीचे देठ, सालं, काय निघंल ते यांना घालायचं." बानाबाई तेव्हा तोंडाला पदर लावून हसली होती. जन्मभर मेंढरं वळली, आता म्हातारपणी गांडुळं वळायची. पण चार दिवसांत ती टबाशी बोलायला लागली. मेंढरांशी बोलायची तसंच, थोडं रागावून.

खुलताबादच्या डोंगराकडची ती. नवरा सूर्यभान गेला, मागोमाग दोन पावसाळे कोरडे गेले, उरलीसुरली मेंढरं विकली, तेव्हा धाकटा शिवशंकर तिला इथं घेऊन आला. तो शेंद्र्याच्या एका कंपनीत होता. चिकलठाण्याच्या पुढे नवी बिल्डिंग, तिसरा मजला, खाली जिकडेतिकडे प्लॉटचे दगड रोवलेलं रान. घरात सगळं होतं, तिला काम तेवढं नव्हतं. गॅसची तिला धास्ती, मिक्सरच्या आवाजाने दचकायची. नात श्रेया आणि गांडुळांचा टब, एवढंच तिच्या वाट्याला आलं होतं. गावी थोरला बिभीषण होता, पण तिथे प्यायचं पाणीसुद्धा टँकरचं. बिनकामाचं माणूस कुणी किती दिवस पोसायचं, असं तिला सारखं वाटायचं. तिला तसं कुणी म्हणालं नव्हतं, पण भीतीला सांगावं लागत नाही.

त्यात दिपाली एकदा हसत हसत म्हणाली होती, "किडेबिडे झाले तर मात्र फेकून द्यावा लागंल हां हा टब. लेकरू रांगतंय घरात." ती बोलून विसरली. बानाबाईच्या मनात ते वाक्य काट्यासारखं रुतून बसलं.

म्हणून ती सालींची विल्हेवाट गुपचूप लावत होती. तरी साल टबात यायचीच, तीही पालथी घातलेली. वर वर्तमानपत्राच्या कोरड्या चिंध्या. हा कचरा कुठून येतो ते तिला कळत नव्हतं. झाकण सरकून वाऱ्याने येत असेल म्हणून ती चिंध्या वेचून टाकायची आणि वरून तांदळाचं धुवण ओतायची. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नव्हता, बादल्या झाकून ठेवलेल्या. अशा दिवसांत धुवण मोरीत ओतायला तिचा हातच धजत नव्हता. पाणी वायाही जात नव्हतं आणि जीव पीतही होते, असा तिचा हिशोब. किडे वाढले की तिला वाटायचं गांडुळं तहानलीत, आणि ती आणखी ओतायची.

मग एका दुपारी श्रेयाचं झबलं बदलताना तिला मानेवर पुरळ दिसलं. लाल, बारीक, दाट.

 असं पुरळ बानाबाईने पूर्वी पाहिलं होतं. कळपात एका मेंढीच्या मानेवर आधी असंच उठलं होतं. मग ती मेंढी अंग घासू लागली, लोकर झडली, आणि बघता बघता कळपात खरूज पसरली. सूर्यभान म्हणायचा, किडा डोळ्यांना दिसला तेव्हा उशीर झालेला असतो. इथे तर तो तिला किती दिवसांपासून दिसत होता, आणि ती झाकण दाबून बसली होती.

पोर भिंतीशी खेळत होती, दिपाली आत कपड्यांच्या घड्या घालत होती. बानाबाईने कॉटखालून आपलं गाठोडं ओढलं. त्यात सूर्यभानची लोकर कातरायची कातर होती आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली गोचडीच्या औषधाची बाटली. मेंढरं गेली, पण या दोन वस्तू तिच्याने टाकवल्या नव्हत्या. मेंढरांना द्यायची त्याच अंदाजाने तिने पाण्यात औषध मिसळलं आणि टबावर शिंपडलं. कोपरेसुद्धा सोडले नाहीत.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग माती हलली. गांडुळं वर आली, एकमेकांत गुंतत, वळवळत, टबाच्या कडेवरून खाली फरशीवर पडू लागली. तापल्या फरशीवर ती आखडायला लागली. बानाबाई "नगं, नगं" म्हणत त्यांना पदरात गोळा करू लागली.

"आत्या, कसला वास येतोय?" आतून दिपालीचा आवाज आला, आणि पाठोपाठ ती स्वतःच दारात आली.

बाटली उंबऱ्यापाशी उघडीच होती. श्रेया रांगत तिच्यापर्यंत पोचली होती, हात पुढे केलेला. दिपालीने झडप घालून पोरीला उचललं. तिची बोटं हुंगली, तोंड उघडून हुंगलं. बोटं कोरडी होती. तरी तिने झाकून ठेवलेली अख्खी बादली मोरीत ओढली आणि पोरीचे हात धूत राहिली, पाणी संपेपर्यंत. श्रेया रडत होती. बानाबाई गॅलरीत पदर धरून उभी होती.

दिपाली बाहेर आली आणि तिने बाटली उचलून पाहिली.

"गोचडीचं औषध? घरात?"

"पोरीच्या मानंवर उठलंय. किडं चावलं तिला, टबातलं. मी बघितलेत, लई हायेत."

"घामोळं हाय ते, आत्या. कालच पावडर लावली मी." दिपाली म्हणाली. "ते किडे नाय चावत कुणाला. ओल झाली की होत्यात. मला ठाऊक हुतं. म्हणून तर रोज कागद फाडून टाकत हुते, वर टरबुजाची साल पालथी. किडे सालीला चिकटत्यात, मग साल उचलून बाहेर टाकायची."

"कागद तू टाकीत हुतीस?"

"व्हय. तुम्ही धुवण वतता ते दिसायचं मला. वतू नका म्हणलं असतं तर तुम्हांला वाईट वाटलं असतं. एवढं एकच तर तुमचं म्हणून हाय इथं."

बानाबाई खाली बसली. पदरातली गांडुळं हळूहळू हलायची थांबत होती.

"मला सांगायचं तरी हुतं," दिपाली म्हणाली.

"सांगितलं असतं तर टब गेला असता. टब गेल्यावर मी कशाला इथं?"

 दिपालीने बाटलीचं बूच घट्ट लावलं, बाटली पिशवीत बांधून माळ्यावर टाकली, उंबरा पुसून काढला. मग दोघी मिळून उरलेली गांडुळं वेचायला बसल्या. टबाच्या तळाची, औषध कमी लागलेली, ओंजळभर निघाली. बानाबाईने आपल्या तांब्यातल्या पिण्याच्या पाण्याने ती हलक्या हाताने धुतली आणि घमेल्यात कोऱ्या मातीवर ठेवून वर ओलं गोणपाट टाकलं.

संध्याकाळी शिवशंकर ड्यूटीवरून आला तेव्हा बानाबाई गाठोडं बांधून कॉटवर बसली होती. कुणी जा म्हणायच्या आत आपणच तयार असावं, एवढंच तिच्या मनात होतं. बूट काढताना त्याला गॅलरीतला टबाचा कोपरा रिकामा दिसला.

"टब कुठं गेला?"

बानाबाईने मान खाली घातली.

"किडे झाले हुते," दिपाली तांदूळ धूत म्हणाली. "मीच टाकला. उलीशिक गांडुळं हायेत घमेल्यात, पुन्हा वाढत्याल."

"माय गाठोडं घेऊन का बसली?"

"कातर पुसायला काढली असंल," दिपाली म्हणाली. शिवशंकर हातपाय धुवायला गेला.

मग दिपालीने रोजच्यासारखं धुवणाचं पातेलं उचललं, पण ओट्यावर न ठेवता बानाबाईच्या समोर आणून ठेवलं.

"वतू नका, आत्या. नुसता ओला हात फिरवा."

बानाबाई पातेलं घेऊन गॅलरीत गेली. उकिडवं बसून तिने धुवणात बोटं बुडवली, निथळू दिली आणि गोणपाटावरून हात फिरवला, आजारी कोकराच्या पाठीवरून फिरवायची तसा. खाली काही हलतं का, ते तळव्याला लागेपर्यंत ती तशीच बसून राहिली.