डोलकाठ्यांचं रान

आमच्या गलबतावर साठ अरब लढवय्ये होते आणि त्यातल्या चाळीसजणांनी तोवर समुद्र पाहिलाच नव्हता. वल्ही मारणारे, शिडं सांभाळणारे आम्ही सगळे किब्ती, इजिप्तचे मूळ रहिवासी, येशूला मानणारे, अलेक्झांड्रियाच्या गोदीतले. अरबांच्या नव्या सुभेदाराचा हुकूम आला म्हणून चढलो. मी पामून. माझ्याकडे दोरखंडांचं काम.

मुर्रा नावाचा यमनी उंटवाला पाच दिवस कठड्यावर ओणवा होऊन ओकत होता. पन्नाशी उलटलेली, दाढी मेंदीनं लाल.

"काका, खजूर देऊ का?"

"मजा वाटतेय ना तुला? ये एकदा आमच्याकडे. उंटावर बसवतो आणि बघतो किती खजूर खातोस ते."

"उंट बुडत तरी नाही, काका."

"तेच म्हणतोय मी! मग हे कशाला बांधलंत?"

लिकियाच्या किनाऱ्याजवळ सकाळचं धुकं विरलं आणि वल्हेकऱ्यांचे हात आपोआप थांबले. समोर रूमी आरमार, ख्रिस्ती कैसराचं. माझं सगळं आयुष्य जहाजांत गेलं, पण असं काही पाहिलं नव्हतं. डोलकाठ्या, त्यांच्यामागे डोलकाठ्या, त्यांच्याही मागे. जणू देवदारांचं अख्खं रान डोंगरावरून उतरून पाण्यात येऊन उभं राहिलं होतं. आमचीही दोनशे जहाजं होती, पण त्या घडीला आपली आठवतात कुणाला!

मुर्रा ओकायचं विसरला. "हे सगळं माणसांनी केलं?"

"माणसांनीच."

तो नुसता ओठ हलवत राहिला.

वारा पडला होता. पलीकडून स्तोत्राचे सूर पाण्यावरून आले. हजारो गळे. माझ्याही नकळत मी गुणगुणलो.

मुर्रानं चमकून पाहिलं. "तुझी माणसं का रे?"

"गाणं माझं. माणसं नाहीत. आमच्या बिशपांना यांनीच रानोमाळ पळवलं."

आमच्याकडून निरोप गेला, हवं तर किनाऱ्यावर उतरून लढू. उत्तर आलं, पाण्यावरच. तेव्हा हुकूम सुटला की जहाजं जहाजांना बांधा, म्हणजे जमिनीवरच्यासारखं लढता येईल.

"रूम्यांच्या जहाजाला बांध," आमचा तांडेल कोल्लूथ म्हणाला.

"शत्रूच्या?"

"मग काय माझ्या सासऱ्याच्या? पळ!"

मी नाळेवर, गलबताच्या पुढच्या टोकावर, गेलो. समोरच्या जहाजावर एक कान तुटलेला म्हातारा खलाशी उभा होता. मी दोर फेकला, तो पाण्यात पडला. दुसऱ्यांदा फेकला, तो त्यानं झेलला. मला वाटलं, आता भिरकावून देईल. पण त्यानं आपल्या सरदाराकडे पाहिलं, सरदारानं मान हलवली, आणि म्हाताऱ्यानं दोर खुंटाला गुंडाळला.

"थोडा ढिला सोड," तो बंदरातल्या ग्रीकमध्ये म्हणाला. "लाट आली की तुटेल. कुठला तू?"

"अलेक्झांड्रियाचा."

"मी ऱ्होड्सचा. हं, दुसरा फेक."

आम्ही दोघांनी चार दोर बांधले. दोन्हीकडचे सैनिक तलवारी धरून आमची वाट बघत उभे होते. मग तो हात पुसत मागे सरकला, मीही सरकलो.

मी मान वर केली तर समुद्र उरलाच नव्हता. नजर जाईल तिथवर लाकूडच लाकूड, आणि ते सगळं एकदम वर येई, एकदम खाली जाई, झोपलेल्या जनावराच्या पाठीसारखं.

मग आरोळी उठली. मुर्रा, जो काल उभा राहू शकत नव्हता, फळ्यांवरून धावत गेला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनीच आठवतं. जहाजांच्या फटीतलं पाणी आधी गुलाबी झालं, मग लाल, आणि लाट आली की त्या फटीतून मेलेली माणसं वर येत आणि परत खाली जात.

दुपारी समोरचं रूमी जहाज फुटलं. ते बुडायला लागलं तशी आमची नाळ खाली ओढली गेली. "तोड!" कोल्लूथ किंचाळला. मी कुऱ्हाडीनं तीन दोर तोडले. चौथ्याचं आमच्याकडचं टोक पाण्याखाली गेलं होतं, तो आता त्यांच्या खुंटावरूनच सुटणार होता. खुंटाशी तो म्हातारा बसला होता, पोटावर हात दाबून, बोटांतून रक्त.

"इकडे ये!" मी हात पुढे केला. "उडी मार!"

"आता कुठली उडी," तो म्हणाला. त्यानं एका हातानं वेढे सोडवले. एक, दोन, तीन. आमची नाळ अशी उसळली की मी उताणा पडलो. उठलो तेव्हा त्या जहाजाच्या डोलकाठीचं टोक तेवढं दिसत होतं. मग तेही नाही.

रूमी संध्याकाळच्या आत पळाले. आम्ही जिंकलो होतो.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर उतरलो. लाटांनी मढी आणून खळ्यावरच्या राशीसारखी रचली होती. मुर्रा जिवंत होता, डाव्या हाताची दोन बोटं गेलेली. तो गुडघाभर पाण्यात उभा राहून एकेकाला ओढून वर काढत होता.

"काका, ते रूमी आहेत."

"असू देत. पाय धर त्याचे."

मी पाय धरले. अंधार पडेपर्यंत आम्ही तेच करत राहिलो, आणि समुद्र आणखी आणून टाकत राहिला.