आत्याच्या बोटांची निवृत्ती

आत्याने हेडफोन घेतला तर तिच्यापेक्षा भाच्याचा फायदा जास्त होता, आणि हा हिशेब भाच्याने आत्याच्या आधी मांडून ठेवला होता.

हिशेब सोपा होता. आत्याच्या घरात आलेली महाग वस्तू तिथे पाहुणी म्हणून राहायची आणि थोड्याच दिवसांत भाच्याकडे कायमची नांदायला यायची. कॅमेरा असाच आला. फोटो काढण्यापेक्षा त्याचं कव्हर सांभाळण्यातच दम जातो म्हणून. व्यायामाची सायकल आली. तिच्यावर आत्याने टॉवेल वाळत घालून पाहिले आणि टॉवेलांनाही ती सोसली नाही म्हणून. आता आत्या निवृत्त झाली होती, हातात एकरकमी पैसे आले होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी उंची घ्यायचं तिने ठरवलं होतं. ते काहीतरी हेडफोन निघाला तेव्हा भाच्याने मनातल्या मनात देवाला एक नारळ कबूल केला, आणि तोंडाने म्हणाला, "कशाला एवढा खर्च करतेस? पण घेणारच असशील तर मी येतो बरोबर. त्यातलं मला कळतं."

कळत होतं हे खरं. कुरिअरच्या गोदामात बिलं करायला तो रोज बसने जायचा, आणि जाता-येता कानात असं काही वाजवायचा की शेजारच्या सीटवरचा माणूस उठून उभा राहायचा. आत्या त्याला धडधड्या म्हणायची. त्याला हवा होता तो काळा, बंद कपांचा, चामड्याच्या गाद्यांचा हेडफोन. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही, आणि ढोल असा वाजतो की छातीची बटणं हलावीत. आत्याच्या पैशाने विकत घ्यायचा, महिनाभर तिच्याकडे मुरायला ठेवायचा आणि मग बसमध्ये न्यायचा.

दुकान एका स्टेशनरीवाल्याच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर होतं. आत लाकडी मुंडक्यांवर हेडफोन चढवून ठेवलेले. कुठेही किमतीची चिठ्ठी नाही. दुकान चालवणाऱ्या बाई चष्मा कपाळावर ठेवून बसल्या होत्या.

"किंमत?" आत्याने आल्या आल्या विचारलं.

"किंमत शेवटी. आधी किंमत सांगितली की लोक कानांऐवजी पाकिटाने ऐकतात. तुम्ही काय ऐकता, ते सांगा काकू."

"तीच तर पंचाईत आहे," आत्या म्हणाली, "मी काही ऐकतच नाही. मी टाइप करते."

बाईंनी चष्मा खाली घेतला.

मग आत्याने सांगितलं. ती कोर्टात जबान्या टाइप करायची. टेपवर साक्षीदार बोलणार, मध्ये वकील ओरडणार, कुणीतरी खोकणार, पंखा घरघरणार, आणि त्या सगळ्या चिखलातून एकेक शब्द ओढून काढून कागदावर उतरवायचा. सरकारी हेडफोन, त्याचा स्पंज तुकड्यातुकड्याने केसांत पडायचा. तिची नोकरी संपली, पण कानात काही बोलणं पडलं की तिची बोटं चालू लागायची. बातम्या लागल्या, की मांडीवर टकटक. शेजारणीने फोनवर भांडण काढलं, की ओट्याच्या कडेवर टकटक. गाणं लावलं, तर सबंध गाणं टाइप.

"निवृत्त मी झाले, बोटं झाली नाहीत," आत्या म्हणाली. "डॉक्टर म्हणतात सवय आहे, जाईल. कधी जाईल ते सांगत नाहीत. मला एकच गाणं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, हात मांडीवर ठेवून ऐकायचंय. बाकी काही नको. आणि मी टाइप करतेय हे मला कळतसुद्धा नाही, हे आणखी. हाच सांगतो मला."

भाच्याने मान डोलावली. हे त्याला माहीत होतं. फक्त आपल्या हिशेबात त्याने ते कुठे धरलं नव्हतं.

ऐकायची खोली मागे होती. भिंतींना जाड कापड, खाली गालिचा, मध्ये एकच खुर्ची आणि भिंतीशी एक बाक. बाईंनी दार लावलं. ते फ्रीजसारखं हलकेच चिकटून बंद झालं आणि रस्ता जणू कुणी पुसून टाकला. आत्याने आपलं गाणं सांगितलं. एक बाई गाते, साथीला एकच तंतुवाद्य, जुनं ध्वनिमुद्रण. बाईंकडे ते होतं.

पहिला हेडफोन आत्याने झटक्यात उतरवला. "ही बाई डब्यात बसून गातेय," ती म्हणाली.

दुसरा तो काळा. भाच्याने स्वतःच्या हाताने तो आत्याच्या डोक्यावर बसवला, पट्टी सरळ केली, आणि त्याच ओघात आवाजाचं बटण थोडं वर नेलं. मोठा आवाज नेहमी चांगला आवाज वाटतो, हे या धंद्यातलं जुनं गुपित आहे. ते त्याला धंद्यात न पडताही ठाऊक होतं.

"हळू कर रे," आत्या म्हणाली. "बहिरी नाहीये मी."

"भरदारपणा कळायला नको?"

"कान आयुष्यभर वापरायचे असतात, धडधड्या." तिने हात लांब करून बटण पार खाली आणलं, इतकं, की भाच्याला वाटलं गाणं बंदच झालं. मग तिने डोळे मिटले.

तिची बोटं चालू लागली. आधी डावी करंगळी, मग सगळीच. शब्द संपला की उजव्या अंगठ्याने जागा सोडायची आणि पुन्हा चालू. कपाळावर आठी, ओठ किंचित पुढे, जणू गाणारीला म्हणते आहे, पुन्हा बोला, नीट बोला. भाच्याने ते पाहिलं आणि छताकडे पाहायला लागला. छतालाही कापडच होतं.

आत्याने हेडफोन काढला. "कसा आहे?"

"दणदणीत," भाचा म्हणाला. "याच्यापुढे काही नाही. हाच बांधू दे."

"अजून एक ऐका," बाई म्हणाल्या. "घेऊ नका, नुसता ऐका."

त्यांनी आणलेला हेडफोन बघून भाच्याला हसू आलं. कपांच्या पाठी उघड्या, त्यांना नुसती जाळी. चहाच्या दोन गाळण्या पट्टीला लावाव्यात तसं ते दिसत होतं.

"याच्यातून आवाज बाहेर येतो," भाचा म्हणाला. "सगळ्या जगाला ऐकू जाणार."

"येतो. बाहेरचाही आत येतो. बसमध्ये चालत नाही हा."

"मग काय उपयोग?"

"काकू बसमध्ये ऐकणार आहेत का?"

बाईंनी गाळण्या एका छोट्या धातूच्या डब्याला जोडल्या. याला जोर बाहेरून द्यावा लागतो, नुसत्या मोबाईलवर हा नीट चालत नाही, म्हणाल्या. मग गाणं पहिल्यापासून लावलं, आणि आवाज आत्याला हवा तेवढाच ठेवला. म्हणजे जवळजवळ नाहीच.

करंगळी हलली. दोन-चार बोटं तिच्यामागे गेली. मग ती चुकली. म्हणजे चुकली असं भाच्याला वाटलं. आत्याची बोटं कधी चुकत नसत. अनामिका वर उचलली गेली आणि खाली आलीच नाही, हवेतच राहिली, दाराशी आलेल्या माणसाला आतलं बोलणं ऐकून थबकावंसं वाटावं तशी. मग ती हळूच खाली बसली. आठी गेली. हात उताणे झाले. आत्याचे ते हात भाच्याने लहानपणापासून पाहिले होते, पण त्यांचे तळवे कधी पाहिले आहेत असं त्याला आठवेना.

खोलीत गाण्याचा एक धागा तेवढा येत होता, त्या जाळीतून पाझरणारा. बाई उभ्या होत्या त्या जागीच राहिल्या. भाच्याने खोकला दाबला. गाणं संपलं, तरी आत्या बसून होती.

मग तिने डोळे उघडले, हेडफोन काढून त्याच्यापुढे धरला. "बघ जरा. मला काय ते नीट सांगता येत नाही."

भाच्याने तो घातला. बाईंनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. काहीच नाही. त्याचा हात बटणाकडे गेला.

"राहू दे," आत्या म्हणाली.

हात मागे घेऊन तो नुसता बसला. आधी त्याला स्वतःचाच श्वास ऐकू आला, मग गळ्यातली शीर. आणि मग, अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर एकेक वस्तू दिसायला लागते तशी, ती बाई दिसायला लागली. हो, दिसायला. ती समोर, जरा डावीकडे उभी होती. वाद्य वाजवणारा तिच्या मागे, बसलेला. खोली मोठी होती, छत उंच; तिचा सूर वर जाऊन क्षणभर तिथे टेकत होता आणि मग खाली येत होता. ओळीच्या आधी ती श्वास घ्यायची, आणि त्या श्वासातच पुढची ओळ किती लांब आहे ते कळायचं. वाजवणाऱ्याचं बोट तारेवरून सरकताना कातडी तारेला घासल्याचा आवाज आला. एका ठिकाणी ती गाता गाता हसली. शब्द तोच, सूर तोच, पण ओठ हलल्याचं ऐकू आलं. ही बाई कधीची जिवंत होती कोण जाणे, आणि आज, स्टेशनरीच्या दुकानावर, ती त्याच्या कपाळापासून हातभर अंतरावर उभी राहून हसत होती.

भाच्याच्या मानेवरचे केस उभे राहिले. इतकी वर्षं त्याने गाणी ऐकली असं त्याला वाटत होतं. त्याने भिंती ऐकल्या होत्या. आत माणसं आहेत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

हेडफोन त्याने दोन्ही हातांनी काढला, झोपलेलं मूल खाली ठेवावं तसा.

"आहे ना वेगळं?" आत्या म्हणाली. "पण मी म्हणते, काळाच घ्यावा. तो भक्कम आहे. हा बघ, नुसती जाळी; उद्या फुंकर मारली तर उडेल. शिवाय याला तो डबा वेगळा लागणार. एवढ्या पैशाला वस्तू हातात वजनदार लागली पाहिजे. तू म्हणालासच की काळा. तुला कळतं त्यातलं."

भाच्याने काळ्याकडे पाहिलं. चामडं चमकत होतं. फक्त 'हो' म्हणायचं होतं. खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं. आधीच बोलून झालेलं होतं, आता नुसतं गप्प राहायचं होतं.

"आत्या," तो म्हणाला, "तुझी... म्हणजे, तुझी बोटं थांबली होती."

"काय?"

"याच्यावर. गाळणीवर. सुरुवातीला थोडी हलली आणि मग थांबली. शेवटपर्यंत."

आत्याने आपल्या हातांकडे पाहिलं, दुसऱ्या कुणाचे तरी चुकून आपल्या मांडीवर राहिलेत अशा नजरेने.

"खरं सांगतोयस?"

"थांबली होती काकू," बाई म्हणाल्या. "मीही बघत होते."

"आणि काळ्यावर?"

भाच्याने खाली पाहिलं. "काळ्यावर तू अख्खं गाणं टाइप केलंस."

"आणि तू म्हणालास, हाच बांधू दे."

"हो."

भाच्याला वाटलं, आता खरपूस समाचार. पण ती हाताची बोटं उघडून मिटून बघत होती. "त्याच्यात वाद्याचा घुमारा पुढे आणि बाई मागे," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "शब्द ओढून काढावा लागत होता. ओढायला लागलं, की आपण कामाला लागतो. याच्यात ती स्वतःच येऊन सांगत होती. मग कशाला ओढायचं?" मग म्हणाली, "अरे, शेवटचं कडवं असं आहे होय. इतकी वर्षं लिहिलंय मी ते. ऐकलं आज."

तिचा आवाज असा झाला की बाईंना एकदम काहीतरी आवरायचं आठवलं आणि त्या तारा गुंडाळत बसल्या.

"तुला तो बसमध्ये न्यायचा होता ना?" आत्याने विचारलं.

"तुला कसं कळलं?"

"आयुष्यभर खोटं बोलणाऱ्यांच्याच टेपा ऐकल्या रे मी. खोटं बोलणारा माणूस 'याच्यापुढे काही नाही' असंच म्हणतो. खरं बोलणारा जरा चाचरतो. मघाशी तू चाचरलास."

"मग आधीच का नाही बोललीस?"

"म्हटलं बघू तरी, तुझी जबानी बदलते का."

बाहेर येऊन बाईंनी किमती सांगितल्या. जाळीच्या हेडफोनला आत्याने आणलेले सगळे पैसे लागत होते, आणि डब्याचे पैसे त्याच्या वर होते. आत्याने पर्सचा कप्पा उघडला, मग दुसरा उघडला, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता म्हणाली, "डबा पुढच्या वर्षी घेऊ. तोवर पेटीतच राहू दे याला."

"डब्याशिवाय याचा अर्धासुद्धा आवाज येत नाही," बाई म्हणाल्या. विकायचं म्हणून नाही. वाईट बातमी सांगावी तशा म्हणाल्या.

भाच्याने खिशातून कार्ड काढलं. त्यात नव्या मोबाईलसाठी साठवलेले पैसे होते.

"काय करतोयस?" आत्या म्हणाली. "हा तुला मिळणार नाही हं. हा मी मरेपर्यंत वापरणार आहे, आणि माझ्या घरातली माणसं फार जगतात."

"माहितीय."

"मग?"

"पुन्हा ऐकायला येईन कधी," भाचा म्हणाला. "हळू आवाजात."

तेव्हा शेवटचा हिशेब असा. हेडफोनचे पैसे आत्याने दिले, डब्याचे भाच्याने. त्याचा मोबाईल फुटक्या काचेसह आणखी वर्षभर चालायचा आहे. काळ्या हेडफोनवर दुकानातल्या बाईंना नफा जास्त सुटला असता, त्यामुळे त्यांचं नुकसान झालं. वर त्यांनी एक लांब वायर तशीच दिली आणि बिलात लावली नाही. तिघांनीही आपापल्या खिशातून दिलं, आणि घासाघीस मात्र कुणीच केली नाही.