डावी बाजू नापास

जानू मिस्त्रीनं चौथा हेडफोनही नापास केला, तेव्हा धक्का एकट्या संदेशला बसला होता. बाकीच्यांच्या वाट्याचे धक्के अजून यायचे होते.

संदेश हा जानूचा भाचा. मिरकरवाडा बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं मोबाइलचं दुकान आहे आणि गिऱ्हाइकं बहुतेक बोटींवरचे खलाशी. खलाशाला बिनवायरचा हेडफोन परवडत नाही. जाळं ओढताना कानातून सुटला की तो थेट समुद्राच्या मालकीचा होतो. वायरवाला सुटला तर निदान वायर धरून मासळीसारखा वर ओढता येतो. तेव्हा कानात घालायचा, वायरचा, असा एकच चांगला हेडफोन निवडून संदेशला मुंबईहून त्याची पेटी मागवायची होती. निवडायला कान हवा, आणि सगळ्या बंदरावर कान म्हटला की तो जानू मिस्त्रीचा.

ह्या कानाची कीर्ती मोठी होती. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ डाव्या कानाला, डोळे मिटलेले, आणि भोवती बोटीचा मालक, तांडेल, खलाशी श्वास रोखून उभे. मग डोळे उघडून जानू सांगायचा, काय बिघडलंय ते. वय झालं तसं त्यानं काम सोडलं, पण मानाची बोलावणी येतच राहिली. अलीकडे त्याचं निदान एकच असायचं : नोझल. इंजिनांचाही मोठेपणा असा, की बहुतेक वेळा नोझलच निघायचा.

मांडवीच्या त्याच्या घरात, मागच्या पडवीत, त्याच्या पहिल्या होडीचं एका सिलिंडरचं इंजिन होतं. होडी केव्हाच मोडीत गेली, इंजिन राहिलं. दर शनिवारी जानू ते चालू करायचा, थोडा वेळ समोर बसायचा आणि बंद करायचा. का, असं कुणी विचारत नसे. देवाला फूल का वाहतोस, असं कुणी विचारतं का?

तर त्या सकाळी पुढच्या पडवीच्या पायरीवर परीक्षा चालली होती. जानूच्या डाव्या हाताला, नेहमीच्या जागी, त्याची बायको गुणवंती वाळवून सोडे करायला कोळंबी सोलत बसली होती. समोर स्टुलावर संदेश, आणि स्टुलाखाली हेडफोनची खोकी.

"गाणं नको," जानूनं सुरुवातीलाच बजावलं होतं. "गाण्यात बिघाड निघाला तर तो गाणाऱ्याचा की वायरचा, कळत नाय. इंजिन लाव."

संदेशच्या मोबाइलात इंजिनही होतं. गेल्याच शनिवारी त्यानं मागच्या पडवीतला आवाज टेप करून घेतला होता, मामीनं सांगितलं म्हणून. कशाला, ते जानूनं विचारलं नाही. आपल्या इंजिनाचा आवाज कुणालाही जवळ ठेवावासा वाटेल, त्यात विचारण्यासारखं काय!

पहिल्याचं रबर कडक निघालं. "ऑइल सील असाच घट्ट लागतो," जानू म्हणाला, "पण इंजिनाला कान दुखत नायत." दुसऱ्याची वायर शर्टाला घासली की कानात खरखर. "मान हलवायची नाय तर खलाशानं काय, पुतळा होऊन जाळं ओढायचं?" तिसऱ्याला कानामागून घ्यायचा आकडा होता, त्याचं आणि चष्म्याच्या काडीचं पटेना. चौथा घालून जानूनं पोह्याचा पापड मागवला आणि पहिल्याच घासाला डोळे विस्फारले. "अरे मेल्या, माझ्याच दाढा मला धरणीकंपासारख्या ऐकू येतायत!"

ह्या तक्रारी संदेशनं सोसल्या असत्या. पण प्रत्येक वेळी शेवटी तेच.

"आणि डावी बाजू मेलेली हाय."

पाचवा मात्र देखणा होता. रबर मऊ, वायर कापडात गुंडाळलेली, कानातलं बोंड असं हलकं की घातलंय हे विसरावं. जानूचा चेहरा खुलला. "वा! टॅपेटचा टकटक वेगळा येतोय आणि धुराड्याचा फटफट वेगळा. उजवीकडं एक नंबर."

संदेशनं घाबरत विचारलं, "आणि डावीकडं?"

"मेलेली."

"मामा, मी घालून बघितलाय. मला दोन्हीकडं सारखं येतंय."

"तुझा कान कोवळा हाय अजून. तुला आवाज येतो. मला आवाजाच्या आतलं लागतं." जानूनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. "कंपनी कुठली पण असूंदे, ह्या लोकांनी डाव्या बाजूला ठरवून फसवलंय बघ. कळवून टाक मुंबईला."

संदेश हादरला. पाच कंपन्या आणि पाचांची डावी बाजू खोटी! एवढा मोठा घोटाळा आपल्या दुकानात उघडकीला यावा, ह्याची त्याला भीतीही वाटली आणि थोडा अभिमानही. त्यानं लगेच मोबाइलवर लिहायला घेतलं. "व्यापाऱ्याला कळवतो. बंदराच्या ग्रुपवरपण टाकतो. खाली तुमचं नाव घालतो, मामा. जानू मिस्त्री यांनी स्वतः तपासलेले."

"घाल," जानू म्हणाला.

"थांब रे," गुणवंती म्हणाली. ती इतक्या मोठ्यानं म्हणाली, की जानूनंही मान वळवली. "आधी आत जा आणि गॅसवरचा चहा बघ. उतू जाईल."

संदेश मोबाइल स्टुलावर ठेवून आत गेला; त्यात इंजिन वाजतच होतं. गुणवंतीनं कोळंबीची ताटली बाजूला सारली, हात पदराला पुसले, नवऱ्याच्या मांडीवरचा हेडफोन उचलला आणि डाव्याचं बोंड त्याच्या उजव्या कानात, उजव्याचं डाव्या कानात, असं उलटं घातलं.

"अगो, हाताला वास मारतोय तुझ्या."

"नाक नाय तपासत मी. ऐका."

जानूनं ऐकलं. मेलेलं डावं बोंड उजव्या कानात टॅपेटसकट, धुराड्यासकट खणखणीत वाजत होतं. आणि आत्ताच एक नंबरनं पास झालेलं उजवं बोंड डाव्या कानात जाऊन मेलं होतं.

त्यानं ते काढलं, फुंकर मारली, परत घातलं. मग दोन्ही काढून सुलटी घातली. मग परत उलटी. बिघाड जागचा हलेना. इंजिनाचा पार्ट बदलला आणि बिघाड तिथंच राहिला, तर बिघाड पार्टात नसतो, हे त्यानं उभ्या बंदराला शिकवलं होतं. मिस्त्रीचा हात हळूहळू स्वतःच्या डाव्या कानाकडे गेला आणि तिथंच राहिला.

आतून कपबशांचा आवाज आला, तोही उजवीकडून.

"तुला ठाऊक होतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"नेत्राच्या लग्नात डाव्या बाजूला बँड वाजत होता," गुणवंती म्हणाली, "आणि तुमी मला विचारत होतात, अजून बँडवाले कसे आले नायत."

नेत्रा त्यांची मुलगी. आता तिचा मुलगा शाळेत जातो.

"मग सांगितलं नाय ते?"

"सांगितलं की. त्याच रात्री."

"कधी? मी नाय ऐकलं."

गुणवंतीनं कोळंबी परत पुढ्यात ओढली. "डाव्या कानात सांगितलं."

जानूला दुसरा धक्का बसला, तो पहिल्याहून वाईट. बंदरावरच्या पारावर तो तरुण नवऱ्यांना सांगायचा, की धीर धरा, वय झालं की बाईमाणूस आपोआप शांत होतं. आमच्या गुणवंतीकडं बघा, संध्याकाळभर शेजारी बसते, पण चकार शब्द नाय. ह्या ज्ञानावर दोघातिघांनी संसार टिकवले होते.

"म्हणजे तू बोलत असायचीस?"

"रोज. तुमच्या बहिणीबद्दल, माझ्या गुडघ्याबद्दल, मेल्या त्या इंजिनाबद्दल. मन मोकळं करायला माणूस लागतं. ऐकायलाच पायजे असं नाय."

"आणि मी?"

"तुमी हं म्हणायचात. मधूनमधून. चांगलं म्हणायचात."

"आणि काही पायजे असलं तर?"

"तेव्हा उजवीकडं बसायची."

जानूनं आठवून बघितलं. मिक्सर. गाणगापूर. पुढच्या पडवीची लादी. प्रत्येक वेळी ती उजवीकडे होती.

तेवढ्यात संदेश चहा घेऊन आला. "काय मामा, टाकू ना ग्रुपवर?"

जानूनं बायकोकडे बघितलं. ती मान खाली घालून कोळंबीचा दोरा काढत होती. सांगायचं असतं तर तिनं भाच्याला आत पाठवलं नसतं, हे त्याला कळलं.

"नको टाकू," तो म्हणाला. "हा पाचवा पास."

"आणि डावी बाजू?"

"गरम झाल्यावर सुटली. काही इंजिनं असतात तशी."

संदेशचा जीव भांड्यात पडला. तो पडतोय तोच दारात टेम्पो थांबला. टेम्पोतून केरू उतरला. पावस गावाला त्याची आंब्याच्या कलमांची बाग आहे. हातात काथ्याचा दोर घेऊन तो थेट पायरीशी आला.

"मिस्त्री, येळेवर आलंव ना? इंजिन सोडवून ठेवलंत काय?"

"कुठलं इंजिन?" जानू म्हणाला.

"तुमचं. मागच्या पडवीतलं. पाणी काढायला नेतंय बागेत." केरूनं गोंधळून गुणवंतीकडे बघितलं. "वैनी, तुमी म्हटलंत ना, मिस्त्रींना इचारलंय?"

"विचारलंय," गुणवंती म्हणाली. "तीनदा विचारलंय. दर शनिवारी धूर करतात, माझ्या सोड्यांना डिझेलचा वास लागतो, मुंबईची गिऱ्हाइकं सोडे परत पाठवतात. ते इंजिन केरूभावजींच्या बागेत जाऊंदे, मला पडवी मोकळी द्या, असं म्हटलं. तिन्ही वेळा हं म्हणाले."

त्या इंजिनावर जानू ऐकायला शिकला होता. त्या इंजिनानं त्याला वादळातून तीनदा मांडवीला आणून सोडलं होतं. आणि आपण त्याला हं म्हणून देऊन टाकलं?

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. मी ऐकलंच नाही, एवढंच म्हणायचं. पण मग केरू विचारणार, शेजारी बसून ऐकलं नाय कसं? स्टुलावर संदेश होता, त्याच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलात बंदराचा ग्रुप. टेम्पोचा ड्रायव्हर तर मिरकरवाड्याचाच. चहा निवायच्या आत जानू मिस्त्रीचा कान गेल्याची बातमी धक्क्यावर पोचली असती आणि जेवणवेळेपर्यंत एकेका मालकाला आपापले बदललेले नोझल आठवले असते.

त्यानं बायकोकडे बघितलं. तिची बोटं थांबली होती. आता एका शब्दानं तीच त्याला सोडवू शकत होती आणि त्याच शब्दानं बुडवू शकत होती. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, तशी ती आज पहिल्यांदा खरोखर गप्प होती.

"म्हटलं होतं हं," जानू म्हणाला. "ऐकलं होतं मी. घेऊन जा."

इंजिन टेम्पोत चढवायला चौघे लागले. जानूनं स्वतः दोर आवळला. सुकाणूवर ठेवावा तसा त्यानं इंजिनावर हात ठेवला आणि काढून घेतला. केरूला वाईट वाटलं असावं, कारण तो म्हणाला, "मिस्त्री, ह्या टेम्पोचा पण आवाज जरा बगा. पावसपत्तर जाईल ना?"

ड्रायव्हरनं टेम्पो चालू केला. जानूनं सवयीनं स्क्रूड्रायव्हर घेतला, टोक लावलं, मूठ डाव्या कानाशी नेली. मग थांबला, टेम्पोला वळसा घालून पलीकडे गेला आणि मूठ उजव्या कानाला लावली.

"मिस्त्री, तुमी तर डावा लावता," ड्रायव्हर म्हणाला.

"बोटीला डावा. टेम्पोला उजवा."

त्यानं डोळे मिटले. बराच वेळ तो ऐकत राहिला. उघडले, तेव्हा त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "नोझल नाय," तो चकित होऊन म्हणाला. "फॅनबेल्ट ढिला हाय!"

ड्रायव्हरनं बघितलं. खरंच ढिला होता. सगळे थक्क झाले, पण जानूइतकं थक्क कुणी झालं नाही.

टेम्पो गेला. संदेशही दुकान उघडायला गेला, पाचवा हेडफोन मात्र मामीच्या हातात देऊन. गुणवंतीनं तो नवऱ्यापुढे धरला.

"त्या इंजिनाचा आवाज टाकून देणार आहे संदेश, तुमच्या मोबाइलात. शनिवारी ह्यातून ऐका. धूर नाय, वास नाय. कानाला दुखणारा नको म्हणून तुमच्याकडूनच निवडून घेतला."

म्हणजे परीक्षाही हिचीच होती. पण एका दिवसात माणसानं किती धक्के खायचे? जानूनं हा बिनतक्रार खाल्ला आणि हेडफोन खिशात ठेवला.

संध्याकाळी तो पायरीवर असा बसला, की डावा खांदा खांबाला टेकला. त्या बाजूला मांजर बसेल एवढीही जागा उरली नाही. गुणवंती ताटली घेऊन आली, क्षणभर उभी राहिली आणि उजवीकडे जाऊन बसली.

समुद्राकडून वारा येत होता. मागची पडवी मोकळी होती. जानू वाट बघत राहिला. कोळंबीची सालं एकेक करून ताटलीत पडत होती, आणि तो आवाजसुद्धा त्याला आज स्वच्छ येत होता.

"बोल की," तो शेवटी म्हणाला.

गुणवंतीनं त्याच्याकडे बघितलं, मग हातातल्या कोळंबीकडे.

"काय बोलू?" ती म्हणाली. "तुमी ऐकताय."