इंडियानाचा ट्रेलर

पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर चार फुगवटे होते. एक बशीएवढा, दोन अंड्याएवढे आणि छताला लागून असलेला चौथा हाताच्या पंजाएवढा. गादीचा डावा कोपरा ओला होता, दोन उशांचे अभ्रे ओले होते. खिडकीच्या चौकटीत एक मेलेली माशी होती, ती मात्र कोरडी होती. आर्लो हॉगनने हे सगळं मोठ्याने मोजलं आणि दाराबाहेर उभ्या असलेल्या बायकोला ऐकवलं.

"माशी कशाला मोजतोस?" मर्नाने विचारलं.

"ट्रेलरच्या कंपनीचा माणूस म्हणाला, दिसेल ते सगळं लिहून पाठवा."

"मग तिचं नावगाव पण कळव."

मर्ना मुद्दामच बाहेर थांबली होती. ओलसर जागेत पाच मिनिटं गेली की तिच्या छातीतून शिट्टी वाजायला लागायची. एप्रिलचा मध्य होता, गाडीमागे ओढून न्यायच्या त्या ट्रेलरच्या, चाकांवरच्या छोट्या घराच्या, छतावरचा बर्फ आठवडाभरापूर्वी वितळला होता आणि त्याचं पाणी कुठूनतरी आत शिरलं होतं. एक मे रोजी विकलेल्या घराच्या किल्ल्या नव्या मालकाच्या हातात द्यायच्या होत्या. त्यानंतर हा ट्रेलर हेच दोघांचं घर. उन्हाळाभर तळ्याकाठच्या उद्यानात राहायचं, येणाऱ्याजाणाऱ्यांना तंबू-ट्रेलर लावायची जागा दाखवायची, सरपण द्यायचं, त्या बदल्यात जागेचं भाडं माफ. थंडी पडली की ॲरिझोनात मर्नाच्या बहिणीकडे. हे जमलं नाही तर मुलाचं तळघर होतं. तिथे सुनेची तीन कुत्री झोपायची आणि भिंतींना बुरशी होती. त्या तळघरात मर्नाने मागच्या नाताळात दोन रात्री काढल्या होत्या आणि तिसरी दवाखान्यात.

आर्लोच्या खिशात फटी बुजवायच्या सीलंटची नळी होती. दहा मिनिटांचं काम, असं त्याचं मत. शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानात अडतीस वर्षं काउंटरमागे उभा राहिलेला माणूस; बिघडलेली वस्तू समोर असताना हात बांधून बसणं त्याला माहीतच नव्हतं. पण कंपनीच्या माणसाने फोनवर बजावलं होतं, "सर, तुम्ही हात लावलात की वॉरंटी संपली." आणि हात लावला नाही तरी ती एप्रिलअखेर संपणारच होती.

"नळी इकडे दे," मर्ना म्हणाली.

"कुठली नळी?"

"आर्लो."

त्याने नळी दिली. तिने ती कुठे लपवली ते त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. त्याने शोधली मात्र.

त्या दिवशी त्याने आसपासच्या तीन डीलरांना फोन केले. तिघांचाही पहिला प्रश्न एकच होता: "कुठून घेतलात?" इंडियाना म्हटलं की पलीकडे कॅलेंडर चाळल्याचा आवाज. मग, आमच्याकडे जुलैपर्यंत रांग आहे हो. दुसऱ्याने ऑगस्ट सांगितलं. तिसरी बाई जरा मोकळी होती; ती म्हणाली, "आम्ही आधी आमच्या गिऱ्हाइकांचं बघतो. नियम असा काही नाही. पण तसंच आहे."

मग त्याने इंडियानाच्या डीलरला फोन लावला. ट्रेलर विकणारा पोरगा अजून तितकाच गोड होता.

"घेऊन या सर, कधीही या! आपलंच दुकान आहे."

"नऊशे मैल आहेत बाबा. आणि वरून गळतंय."

"छत झाकून आणा ना, सर."

आर्लोने फोन ठेवला. मर्ना ओट्याशी उभी राहून लिंबाच्या वड्यांसाठी अंडी-साखरेचं सारण ढवळत होती. कोणासाठी ते तिने सांगितलं नव्हतं, पण आर्लोला कळलं.

"ड्वेनकडे मी जाणार नाही," तो म्हणाला.

"तुला कोण जा म्हणतंय? मी जातेय. तू गाडी चालव."

ड्वेन किटलसनचं ट्रेलरचं दुकान चाळीस मैलांवर होतं. दोघांची ओळख जुनी; ड्वेन वर्षानुवर्षं आर्लोच्या काउंटरवर बेअरिंगं घ्यायला येई. मागच्या वर्षी एप्रिलमध्ये आर्लो आणि मर्ना त्याच्याकडे जाऊन दीड तास बसले होते. ड्वेनने कॉफी दिली, हाच, अगदी ह्याच बनावटीचा ट्रेलर उघडून दाखवला, नळ सोडून दाखवले. मर्ना चपला काढून पलंगावर आडवी झाली आणि म्हणाली, हं, इथे झोप लागेल. मग घरी येऊन त्यांनी संगणकावर तोच ट्रेलर इंडियानात स्वस्त पाहिला आणि घेतला. वॉरंटी कुठेही चालते, असं त्या गोड पोराने सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. चालते, फक्त कोणी चालवली तर.

ह्यात आर्लोला एक गोष्ट जास्त बोचत होती. अडतीस वर्षांत त्याच्याही काउंटरवर कितीतरी लोक आले होते, दुसरीकडून घेतलेला पट्टा किंवा पंप घेऊन, हा का बसत नाही रे आर्लो, असं विचारत. तो हसून म्हणायचा, बघू या, पण आत्ता जरा गर्दी आहे. दुकानात कोणी नसतानाही.

ड्वेनने दोघांना ऑफिसात बसवलं. वड्यांचं भांडं टेबलावर आलं.

"अगं, कशाला एवढा त्रास घेतलास?"

"त्रास कसला. अंडी उरली होती."

"घेऊ का एक?"

"तुझ्यासाठीच आणल्यात."

"नंतर घेतो," असं म्हणून त्याने लगेच एक घेतली. मग तळ्यावरचा बर्फ वितळला का, ह्यावर बोलणं झालं. ड्वेनच्या भावाचा गुडघा, नवा पाद्री, गव्हाची पेरणी ह्या वर्षी उशिरा. ट्रेलरचा विषय मर्नानेच काढला, तोही पाहुण्यासारखा, जरा बाजूने. ड्वेनने वडीचा चुरा बोटाने गोळा केला.

"त्याचं काय आहे, सध्या एकच मेकॅनिक आहे माझ्याकडे. आणि कंपनी वॉरंटीच्या कामाचे निम्मे तास धरते, निम्मे खाऊन टाकते. मे महिना तर…" त्याने वाक्य सोडून दिलं.

"हो, हो. बरोबर आहे," आर्लो म्हणाला.

"वाईट वाटून घेऊ नका."

"छे, छे."

आर्लोने दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले. "बरं मग. निघायला हवं."

आमच्या भागात कामाचं बोलणं बसून होत नाही. बसून होतं ते हवापाण्याचं. निघतो म्हटल्यावर माणूस उठतो, दारापर्यंत जातो, तिथे पाव तास उभा राहतो, मग गाडीपर्यंत जातो, तिथे पुन्हा पाव तास, आणि इंजिन सुरू झाल्यावर खिडकीची काच खाली करून जे बोलतो तेच खरं. बाहेरगावचे लोक 'नाही' ऐकलं की सरळ निघून जातात. त्यांना वाटतं, संपलं.

दारात ड्वेन म्हणाला, "भांडं?"

"राहू दे. नेऊ सावकाश," मर्ना म्हणाली.

पायरीवर तो म्हणाला, "पाऊस येणार म्हणतात शनिवारी."

"ऐकलं मी."

मर्ना गाडीत बसली. आर्लोने इंजिन सुरू केलं, काच खाली केली. ड्वेन खिडकीच्या कडेवर कोपर ठेवून वाकला आणि रस्त्याकडे बघत राहिला. आर्लोही रस्त्याकडे बघत होता. रस्त्यावर काही नव्हतं.

"तुझ्याकडूनच घ्यायला हवा होता," आर्लो म्हणाला.

ड्वेनने खिडकीवरचं कोपर जरा सरकवलं. मग म्हणाला, "ही पलंगावर आडवी झाली ना त्या दिवशी, मी संध्याकाळी घरी जाऊन सांगितलं होतं, एक विकला म्हणून."

"ऐकतेय मी," मर्ना म्हणाली.

"तू ऐकावंस म्हणूनच बोलतोय. इंडियानाची कॉफी तरी चांगली होती का?"

"फोनवरून घेतला रे. कॉफी नाही मिळाली," आर्लो म्हणाला.

ड्वेन हसला. हसताना त्याचं कोपर खिडकीवरून घसरलं. त्याने गाडीच्या टपावर दोन थापा मारल्या. "गुरुवारी आण. करतो असं म्हणत नाही. बघतो."

गाडी मोठ्या रस्त्याला लागली.

"बघतो म्हणाला," आर्लो म्हणाला.

"म्हणजे करतो म्हणाला. तू किती वर्षं राहतोयस इथे?"

गुरुवारी ड्वेनने छतातल्या झरोक्यावर एक पंखा बसवला आणि कडा टेपने बंद केल्या. ट्रेलरची दारं-खिडक्या लावून पंखा उलटा चालवला, तशी आतली हवा दाबली गेली. हवेला बाहेर पडायचं असेल तर ती पाणी आत आलं त्याच भेगेतून पडणार. मग त्याच्या मेकॅनिकने, लुएला नावाच्या उंच बाईने, शिडीवर चढून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी फवारलं. छताची कड, खिडक्या, मागचा कोपरा. आर्लो खाली उभा राहून तिच्या प्रत्येक फवाऱ्याबरोबर मान हलवत होता.

"काका, जरा लांब उभे राहा," लुएला म्हणाली. "तुम्ही श्वास रोखून धरलाय, मलाच गुदमरतंय."

पुढच्या कोपऱ्यात, वर, एक छोटा केशरी दिवा होता. त्याच्या खालच्या कडेवर साबणाचा बुडबुडा आला. फुटला नाही, वाढत गेला, लिंबाएवढा झाला, आणि त्याच्या शेजारी दुसरा आला. लुएलाने दिवा काढला. मागे सीलंट लावलेलंच नव्हतं. तारेचं भोक उघडं होतं.

"एवढंच?" मर्नाने विचारलं.

"एवढंच," ड्वेन म्हणाला. "पण पाणी भिंतीत उतरलंय. आतलं लाकूड, फोम, सगळं काढावं लागेल. कंपनीला फोटो पाठवतो. हो म्हणाले तर सुरू करतो."

कंपनीने आधी नुसता दिवा मंजूर केला. ड्वेनने फोन लावला आणि तो दोघांना ऐकू यावा म्हणून टेबलावर ठेवला. पलीकडचा माणूस विचारत होता, मालकाने स्वतः काही दुरुस्ती केली होती का?

"नाही."

"खात्री आहे, सर?"

"मालक माझ्यासमोर बसलाय. त्याचं तोंड बघितलं असतंत तर तुम्ही विचारलं नसतं. दोन आठवडे त्याला कशाला हात लावू दिलेला नाही. असा दुःखी माणूस मी पाहिला नाही."

मर्ना रुमालात हसली. भिंत एकोणतीस एप्रिलला मंजूर झाली.

पण लाकूड सुकवायला, नवं बसवायला दोन आठवडे लागणार होते आणि घराच्या किल्ल्या एक तारखेला द्यायच्या होत्या. हे ड्वेनला कोणी सांगितलं नव्हतं. लुएलाने मर्नाकडून काढून घेतलं होतं. तीस तारखेला संध्याकाळी आर्लो ट्रेलर बघायला गेला तेव्हा ड्वेनने त्याच्याकडे एक किल्ली फेकली.

"मागच्या रांगेत तिसरा. अजून विकला गेलेला नाही तो. वीज जोडून दिलीय."

"अरे, नको. आम्ही मुलाकडे जाऊ."

"कुत्र्यांत?"

"दोन आठवड्यांचाच प्रश्न आहे."

"बरं, राहिलं," ड्वेन म्हणाला, आणि किल्ली परत घ्यायला हात पुढे केला नाही.

"तुला अडचण होईल."

"होईलच. सकाळची कॉफी तुम्ही करायची."

आर्लोने किल्ली खिशात टाकली. तिसऱ्यांदा नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

दोन आठवडे मर्नाने विक्रीच्या ट्रेलरांमध्ये संसार मांडला. आलेलं गिऱ्हाईक दार उघडायचं तर आत ही बाई कांदा चिरत बसलेली. "या ना, बघा," ती म्हणायची. "पलंग चांगला आहे. झोपून बघा." ड्वेनने नंतर सांगितलं की तेवढ्यात दोन विकले गेले. त्यातला एक तरी खरा असावा.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात ते तळ्याकाठच्या उद्यानात पोचले. पहिले तीन आठवडे कोरडे गेले आणि आर्लो रोज आकाशाकडे बघत राहिला; पाऊस यावा की येऊ नये हे त्याचं ठरत नव्हतं. जूनच्या दुसऱ्या शनिवारी रात्रभर वादळ झालं. उजाडल्यावर तो उठला. मर्ना भिंतीकडे तोंड करून झोपली होती, आणि तिचा श्वास सरळ, बिनआवाजाचा चालला होता. त्याने तिच्या डोक्यावरून हात लांब करून भिंतीला तळवा लावला. कोपऱ्यात लावला, छताच्या कडेला लावला. गादीखाली हात घालून डावा कोपरा चाचपला. मग बूट घालून बाहेर आला आणि खांबाला ठोकलेल्या पाऊस मोजायच्या नळीजवळ वाकला.

फोन वाजला. ड्वेन होता. पाऊस झाल्यावर आमच्याकडे सगळेच एकमेकांना फोन करतात.

"आमच्याकडे दीड इंच," ड्वेन म्हणाला. "तुमच्याकडे?"

"एक इंच आठ दशांश."

"बराच की."

"हं."

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. "आणि आत?" ड्वेनने विचारलं.

"आत शून्य."