ऑर्मंडमधला हापसा

"आवो, आता तुमचं नाव घेत्याल का?" चांगुणाबाईने विचारलं, तेव्हा माईकवरचा माणूस अजून विलायतेतच होता.

"दम धर जरा. गाडी आजून कोल्हारला यायचीय," रंगनाथ म्हणाला.

नगरच्या मैदानावर जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. दोरीपलीकडे हिरवी ऑर्मंड उभी होती, लांब नाकाची, दोनच माणसांची, आणि निवेदक तिची कुळकथा सांगत होता. एका गोऱ्या अधिकाऱ्याने ती छावणीत आणली. घाटातल्या शर्यतीत तिने म्हणे मोठमोठ्या गाड्यांना धूळ चारली. साहेब मायदेशी गेला आणि गाडी कोल्हारच्या आबासाहेबांकडे आली. त्यांच्या पहिल्या शर्यतीत चाक निखळलं. दुसरीत इंजिन तापून बंद पडलं. तिसरी, मद्रासकडच्या एका जुन्या धावपट्टीवरची, आबासाहेबांनी जिंकली.

"तीही एकट्याच्या हिमतीवर," निवेदक म्हणाला. टाळ्या पडल्या आणि तो पुढच्या गाडीकडे वळला.

रंगनाथ दोरी धरून तसाच उभा राहिला. आयुष्यभर त्याने कोल्हारपासून नेवाशापर्यंतचे हापसे दुरुस्त केले. पण त्याआधी, लग्नाच्याही आधी, तो त्या गाडीत आबासाहेबांच्या डाव्या हाताला बसला होता. गाडीत पुढच्या फळीवर मुठीने पुढे-मागे करायचा एक छोटा हापसा होता. त्या हापशाने मागच्या टाकीत हवा भरत राहिलं, तरच पेट्रोल इंजिनपर्यंत पोचायचं. हात थांबला की गाडी थांबली. शर्यतभर तो हापसत होता. हे त्याने ज्याला त्याला सांगितलं, आणि गावाने त्याचं नाव 'रेसर' ठेवलं. हापसा दुरुस्त करायला गेला की पोरं म्हणायची, रेसर आला, आता आपलं पाणी पहिल्या नंबरात येणार.

चांगुणाबाई कधी हसली नाही. तो सांगायला लागला की ती भाकरी थापता थापता "व्हय" म्हणायची. लहान मुलाला म्हणावं, तसं. गावाच्या हसण्यापेक्षा त्याला ते 'व्हय' जास्त लागायचं. डॉक्टरांनी त्याचं हृदय अशक्त झाल्याचं सांगितल्यापासून तर त्याच्या मनात एवढंच राहिलं होतं, की हिने एकदा खरं मानावं. म्हणून तिचे गुडघे दुखत असतानाही तिला एसटीने इथवर आणलं होतं.

तो दोरीखालून वाकून आत गेला. गाडीचा आताचा मालक करण, पुण्याचा, काचा पुसत होता.

"साहेब, डाव्या बाजूला हापसा हुता. त्यो कुटंय?"

करणला कळेना. रंगनाथने समजावून सांगितलं. डाव्या सीटवर चामड्याचं झाकण ताणून बसवलं होतं, त्यावर तो हात फिरवत होता.

"आजोबा, आम्हाला गाडी मिळाली तेव्हा आत काहीच नव्हतं. पुढची फळी नवी आहे. पेट्रोलला आता विजेचा पंप आहे." करण आदबीने बोलत होता. "तुमचा एखादा फोटो आहे का तेव्हाचा?"

फोटो होता, तिथेच फलकावर लावलेला. आबासाहेब, गळ्यात हार, हातात चषक. शेजारी कोणी नव्हतं.

"मी नळावर गेल्तो," रंगनाथ म्हणाला. "हाताला फोड आल्ते."

करणने मान हलवली. तो काही वाईट माणूस नव्हता. "लांब उभे राहा आजोबा, चालू करतो," एवढंच म्हणाला.

रंगनाथ दोरीबाहेर येऊन बायकोशेजारी उभा राहिला. तिच्याकडे त्याने पाहिलं नाही.

इंजिन गरजलं. माणसं मागे सरली. रंगनाथचा उजवा हात पोटाशी आला, मूठ वळली, आणि पुढे-मागे, पुढे-मागे चालू लागली. त्याचं त्याला भान नव्हतं. तो गाडीकडे बघत होता.

चांगुणाबाई त्या हाताकडे बघत होती. तो हात ती ओळखत होती. लग्नाच्या पहिल्या वर्षापासून झोपेत तो असाच हलायचा. तिने मढीला जाऊन कानिफनाथाचा दोरा आणला होता, नसांच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, आणि कशानेच गुण येईना तेव्हा तो हात रोज रात्री आपल्या दोन्ही हातांत दाबून धरून झोपली होती. आताही सवयीने तिचा हात पुढे गेला आणि मध्येच थांबला. तिला रडू आलं. डोळे तिने पदराने टिपले.

करणने गाडी बंद केली. रंगनाथची मूठ आणखी थोडा वेळ चालली, मग खाली आली.

परतीच्या एसटीत दोघं मध्ये पिशवी ठेवून बसली. राहुरी मागे पडल्यावर तो म्हणाला, "चांगुणा, मी खोटं न्हाई बोललो गं कदी."

तिला पुष्कळ बोलायचं होतं. पण इतक्या वर्षांत या गोष्टीला तिच्या तोंडी एकच शब्द बसला होता.

"व्हय," ती म्हणाली.

त्याने ते नेहमीचंच समजून मान खिडकीकडे वळवली. डोळे मिटले. थोड्या वेळाने त्याला झोप लागली, आणि उजवा हात हळूहळू हलू लागला. मध्ये ठेवलेल्या पिशवीला तो अडत होता. चांगुणाबाईने पिशवी उचलून आपल्या मांडीवर घेतली आणि त्याच्या हाताला जागा करून दिली.