मी बाहेरच आहे

"लिफ्ट बंद!"

आतल्या खोलीतून हाक आली आणि पाठोपाठ धप्प असा आवाज. दादा अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून धावला. भिंगरी जमिनीवर उताणी पसरली होती, हात एकीकडे, पाय दुसरीकडे. दादा गुडघ्यांवर बसून तिच्या तोंडाकडे बघू लागला. पापण्या फडफडत होत्या आणि ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून धरलेलं होतं.

"खोटी आहे," तो मला म्हणाला. पण उठला नाही. घसा साफ करून त्याने कामावरचा आवाज काढला. "लिफ्ट थांबलेली आहे. आत कोण आहे? घाबरायचं नाही. मी बाहेरच आहे. माणूस चावी घेऊन येतोय."

"लवकर या," भिंगरी डोळे मिटूनच म्हणाली.

"अडकलेल्यांनी मध्ये मध्ये बोलायचं नाही. हं, हलली. चालली वर. कितवा मजला?"

"शंभरावा!"

"एवढी उंच इमारत बांधायला तुझा सासरा येणार आहे का?" दादा म्हणाला, तिला उचलली आणि तिच्या गालाला साबण लावून टाकला. मी दारात उभी राहून दोघांना झाडलं. कामावर जायची वेळ झाली की ह्या बापलेकीला असले उद्योग सुचतात. आत्या म्हणून मला एवढा हक्क आहे. लग्न केलं नाही, जीभ मात्र धार लावून ठेवली आहे, असं वहिनी म्हणते, आणि ती खोटं बोलत नाही.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो. ज्या म्हाताऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली तो शिकला, त्यांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, माणूस आत अडकला असेल तर आधी पान्याला हात लावायचा नाही. आधी दाराला तोंड लावून बोलायचं. आतल्याला अंधाराची भीती नसते, बाहेर कोणी नाही ह्याची असते. दादा तेव्हापासून बंद दारांशी बोलत आला. एरवी घरात तो मुखदुर्बळ माणूस, चार शब्द विचारले तर एक देणार.

मग भिंगरीला ते सुरू झालं. ती नुकती पळायला शिकली होती. पळता पळता एकाएकी पाय मुडपायचे, हात लुळे पडायचे, मान कलायची. डोळे मात्र टक्क उघडे. आवाज फुटायचा नाही, बोट हलायचं नाही. कधी दूध उतू जायच्या आत उठून बसायची, कधी अख्खी दुपार तशीच जायची. पहिल्या वेळी आम्ही तिघंही इतकं ओरडलो की शेजारी धावत आले. दुसऱ्या वेळी दादा तिच्याजवळ बसला, आणि त्याला दुसरं काही येत नव्हतं म्हणून जे येत होतं ते बोलू लागला. लिफ्ट थांबलेली आहे. घाबरायचं नाही. मी बाहेरच आहे. तिचं बोट हलेपर्यंत तो बोलत राहिला.

असा तो खेळ झाला. पुढे पुढे पोरगी बरी असतानाही धपकन पडायची आणि हाक मारायची. दादा कधी वैतागायचा, "अगं बये, जेवू दे की." पण यायचा. आम्हाला खरी आणि खोटी लगेच कळायची. खऱ्या वेळी हाक नसायची आणि पापणी हलायची नाही.

दवाखाने किती केले ते विचारू नका. दवाखान्याच्या पायरीवर पाय ठेवला की भिंगरी अशी ठणठणीत की बघणाऱ्याने आम्हालाच वेडं ठरवावं. डॉक्टरांच्या टेबलाखालून रांगत जायची, वजनकाट्यावर नाचायची. दादा बाहेर येऊन हसायचा, पण ते हसू काही खरं नव्हतं. "लोक मला हेच सांगायचे गं. मिस्त्री, तुम्ही यायच्या आधी लिफ्ट धडधडत होती. मी मनात म्हणायचो, चला, ह्यांना भास होतायत." रक्त तपासलं, डोक्याचे फोटो काढले, डोक्याला तारा लावून झोपवलं. सगळं नॉर्मल. इतरांना हा शब्द ऐकून हायसं वाटतं. वहिनीला रडू फुटायचं.

"नाव तरी सांगा हो कोणीतरी," ती म्हणायची. "नाव असलं म्हणजे त्याला शिव्या तरी घालता येतात."

पुष्कळ दिवस थांबल्यावर मोठ्या डॉक्टरबाईंची वेळ मिळाली. बाई चांगल्या होत्या, हे मी आधीच सांगते. घड्याळाकडे बघितलं नाही, सगळं ऐकून घेतलं. मग भिंगरीला जवळ घेऊन विचारलं, "काय होतं गं तुला?"

"माझी लिफ्ट बंद पडते."

"हो का? मला दाखवशील?"

आम्ही काही म्हणायच्या आत पोरगी धपकन पडली. इतकी झकास पडली की काय सांगू. हात लुळे, मान कललेली. डॉक्टरबाई वाकून बघायला लागल्या तर हिने एक डोळा किलकिला केला, आणि दादाकडे बघून म्हणाली, "बाबा, बोल ना."

 बाईंनी तिला खेळायला बाहेर पाठवलं.

"ती मुद्दाम करते असं मी म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "लहान मुलांना ते कळतही नाही. पण ती पडते, तुम्ही हातातलं काम टाकून धावता, बाबा गोष्ट सांगतात. तिला ते हवंसं वाटतं. तपासण्या सगळ्या चांगल्या आहेत. महिनाभर एक करून बघा. लागणार नाही एवढी काळजी घ्या, आणि पडली तर पडू द्या. बोलू नका. आपापली कामं करा."

बाहेर आल्यावर वहिनी रडत होती, पण ते वेगळं रडणं होतं. "सवय आहे म्हणे. अहो, सवयच आहे. सवय मोडता येते."

"खऱ्या वेळी तिची पापणी हलत नाही," दादा म्हणाला.

"तुम्हाला ती आजारीच हवी आहे का?"

दादाने तिच्याकडे बघितलं आणि गप्प बसला. मीसुद्धा गप्प बसले, आणि माझ्या बाबतीत ती काही साधी गोष्ट नाही. एवढ्या सगळ्या डॉक्टरांमध्ये कोणीतरी पहिल्यांदा काहीतरी सांगितलं होतं. आणि जे सांगितलं होतं, ते खरं असावं असं आम्हा सगळ्यांनाच मनापासून वाटत होतं.

सुरुवातीला भिंगरीने हाका मारून पाहिल्या. "लिफ्ट बंद!" कोणी गेलं नाही. दादा आरशासमोर तसाच उभा, वस्तरा हवेत धरून. थोड्या वेळाने ती उठून आली. "बाबा, मी अडकले होते ना."

"तो खेळ संपला हं आता," वहिनी म्हणाली. "आपण दुसरा काढू."

मग हाका बंद झाल्या. वहिनीने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, जणू गड जिंकला. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी भरलेला दिसत होता. मलाही वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

सुट्टीची दुपार होती. मी भाजी चिरत होते, वहिनी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती, दादा टेबलफॅन उघडून बसला होता. भिंगरी चेंडूमागे पळत गेली आणि खोलीच्या दारात मुडपली. हाक नाही. चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला.

मला बसल्या जागेवरून तिचे डोळे दिसत होते. पापणी हलत नव्हती. दादा उठला.

"नको," वहिनी म्हणाली.  "आज गेलात तर सगळं वाया जाईल."

दादा उशी घेऊन गेला, तिच्या डोक्याखाली सरकवली आणि एक शब्द न बोलता परत आला. स्क्रू आधीच घट्ट बसला होता, तो पुन्हा पुन्हा आवळत राहिला. मला ती शांतता सोसवेना, म्हणून मी काहीतरी गुणगुणायला लागले. वहिनीने एकाच टॉवेलची घडी केली, मोडली, परत केली. तिघंही दहा पावलांवर होतो. असं घर मी कधी बघितलं नव्हतं आणि देवा, पुन्हा दाखवू नकोस.

बऱ्याच वेळाने तिचा हात हलला. ती उठून बसली. दादाला राहवलं नाही. तिथूनच त्याने विचारलं, "कितवा मजला?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तू उशी ठेवलीस. आई म्हणाली वाया जाईल. आत्या गाणं म्हणत होती. मला सगळं ऐकू येत होतं, बाबा. पण बाहेर कोणीच नव्हतं."

रागावून नाही. आज पाणी आलं नव्हतं, असं सांगावं तसं तिने सांगितलं. वहिनी घड्यांवरून उठली आणि तिला छातीशी धरून "मी होते गं, मी होते" म्हणत राहिली. पोरगी लाकडासारखी ताठ होती. दादा जिन्यात जाऊन बसला. जेवायला बोलवायला गेले तर म्हणाला, "मी अनोळखी लोकांशी बोलतो गं. सगळ्या गावाशी बोलतो." 

दवाखान्यात फोन वहिनीनेच केला. डॉक्टरबाईंसमोर ह्या वेळी तीच बोलली, भिंगरीचे शब्द जसेच्या तसे. बाईंनी चष्मा काढून ठेवला.

"आत असताना सगळं ऐकू येतं तिला? हे आधी कोणी सांगितलं नव्हतं."

आम्हालाच कुठे माहीत होतं. दादा अखंड बोलत असायचा, तिला दुसरं काही ऐकू यायला जागाच नसायची.

"मला दाखवतेस पुन्हा?" बाईंनी भिंगरीला विचारलं. तिने मान हलवली. "आता दाखवत नाही मी."

"चूक माझी झाली," डॉक्टरबाई आम्हाला म्हणाल्या. "हा खेळ नाही."

"मग काय आहे?" वहिनीने विचारलं.

"मला ठाऊक नाही. शोधू. दुसऱ्या डॉक्टरांनाही दाखवू. नाव मिळेल, कदाचित इतक्यात नाही मिळणार." आणि दादाकडे वळून म्हणाल्या, "तुम्ही बोलत जा."

ते सांगायची गरज नव्हती. आता ती पडली की हाती जे असेल ते टाकून दादा तिच्याजवळ बसायचा. दादा कामावर असला की वहिनी बोलायची. मीही बोलायचे, पण माझ्या तोंडून ते शाळेतल्या सूचनेसारखं यायचं. भिंगरी बाहेर यायची, दादा विचारायचा, "कितवा मजला?" आणि ती म्हणायची, "पाणी दे."

खोटी हाक तर आलीच नाही. खरं तेवढंच राहिलं घरात. ज्या हाकेला दादा अर्ध्या जेवणावरून कुरकुरत उठायचा, त्या हाकेसाठी आता तो दाढी करताना न्हाणीघराचं दार उघडं ठेवायचा. आतल्या खोलीत काही पडलं की आधी दचकायचा आणि मग थोडा वेळ कान देऊन उभा राहायचा. चमचा पडलेला असायचा. एकदा तर हा एवढा मोठा बाप्या "लिफ्ट बंद!" म्हणून स्वतःच बैठकीच्या मधोमध आडवा झाला. भिंगरी आली, त्याला ओलांडून गेली, कपाटातून रंगाचे खडू काढले आणि त्याला ओलांडून परत गेली. तो बराच वेळ तसाच छताकडे बघत पडून होता. मी म्हटलं, "ऊठ, पंख्याखाली झोपून सर्दी होईल." 

नव्या डॉक्टरांकडे दोनदा जाऊन आलो. नाव मिळालं नाही.

परवा सकाळी दादा बूट घालत होता. कुठेतरी लिफ्टचं काम निघालं होतं, घाई होती. वहिनी त्याचा डबा भरत होती. आतल्या खोलीत धप्प आवाज झाला.

दादा एका पायात बूट, एका पायात मोजा असा धावला. वहिनीच्या हातात झाकण तसंच. मीही गेले. भिंगरी उताणी पडली होती, हात एकीकडे, पाय दुसरीकडे. हाक आली नव्हती. दादा गुडघ्यांवर बसला. "लिफ्ट थांबलेली आहे," तो म्हणाला. "घाबरायचं नाही. मी बाहेरच आहे."

आणि बोलता बोलता थांबला. पापणी फडफडत होती.

वहिनीने माझा दंड घट्ट धरला.  दादाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर आवाज बिघडला असता. "माणूस चावी घेऊन येतोय. आत कोण आहे?"

 ओठांचा कोपरा जरासा हलला.

"हलली वाटतं. चालली वर. कितवा मजला?"

"अजून नाही," भिंगरी डोळे घट्ट मिटून म्हणाली. "अजून बंदच आहे. तू बोल."

वहिनी झाकण हातात घेऊन तशीच खाली बसली. मीही बसले. दादाने दुसरा पाय दुमडून मांडी नीट घातली आणि पहिल्यापासून सुरुवात केली. त्याला कामावर जायला उशीर झाला.